नागांच्या बाजूनं

शू श्वान हा हांगझोऊ शहरातला साधा तरुण. नातेवाइकाच्या औषधांच्या दुकानात काम करणारा. पावसाच्या दिवशी पश्चिम सरोवरावरच्या होडीत त्याला एक बाई भेटते, तो तिला छत्री देतो आणि त्या छत्रीची देवघेव होता होता दोघांचं लग्न ठरतं. बाई मुळात पांढरी नागीण आहे. दीर्घ साधना करून ती मनुष्यरूपाला पोचली आहे. हे उमगल्यावर भेदरलेला शू श्वान अखेर फाहाय नावाच्या भिक्षूला शरण जातो. भिक्षू आपलं भिक्षापात्र त्याच्या हाती देतो. बायकोच्या डोक्यावर हे पालथं घाल आणि सगळा जोर लावून दाबून धर, असं सांगतो. नवरा घरी जाऊन तसंच करतो. पात्राखालून आवाज येत राहतो. इतकी वर्षं संसार केला, थोडी तरी माया ठेव, जरा सैल सोड, असं ती विनवते. तो सोडत नाही. मग भिक्षू येऊन पात्र उचलतो. खाली दोनेक हात लांबीची पांढरी नागीण असते, आणि ती मान वर करून अजून शू श्वानकडेच बघत असते.

फंग मंगलोंग यानं 1624 मध्ये छापलेल्या कथासंग्रहात हा प्रसंग आहे. जगाला सावध करण्यासाठी म्हणून त्यानं त्या कथा छापल्या. मायावी बाईच्या नादी लागू नका, हा त्यातला उपदेश. पुढं तिला लेइफंग मंदिरासमोर पुरतात, वर पॅगोडा उभा राहतो, आणि त्यासाठी वर्गणी गोळा करतो तो शू श्वानच. मला मात्र राहून राहून त्या वर केलेल्या मानेशी थांबावं लागतं. उपदेशच करायचा होता तर फंगला ही नजर लिहिण्याची गरज नव्हती. त्यानं ती लिहिली. आपण कोणाचा जीव घेतलेला नाही, असं नागिणीच्या तोंडचं वाक्यही त्यानं ठेवलं. त्या दोन गोष्टींनी उपदेशाला तडा गेला आणि पुढच्या पिढ्यांनी तो तडा रुंद करत नेला, असं मला वाटतं. नंतरच्या नाटकांत मनशीळ घातलेली दारू पोटात गेल्यानं तिचं मूळ रूप उघडं पडतं, ते बघून नवरा धसक्यानं मरतो, आणि ती जिवावर उदार होऊन दूरच्या पर्वतावरची संजीवनी आणून त्याला उठवते. नवऱ्याला मठात डांबून ठेवलं तेव्हा ती मठावर पूर घालते. तिला मूल होतं. हळूहळू ती नायिका झाली आणि भिक्षू खलनायक. ज्यांनी हे केलं ते गावोगावचे गाणारे, नाचणारे, गोष्टी सांगणारे होते. त्यांनी नागिणीची बाजू घेतली.

खरा लेइफंग पॅगोडा 25 सप्टेंबर 1924 रोजी कोसळला. त्याच्या विटा घरात असल्या की घराचं भलं होतं, अशा समजुतीनं लोक वर्षानुवर्षं एकेक वीट उपसून नेत होते. लू शुन या लेखकानं त्यावर लगेच लेख लिहिला. लहानपणी आजीकडून नागिणीची गोष्ट ऐकल्यापासून तो पॅगोडा पडावा अशीच आपली इच्छा होती, आणि आता तो पडला तर सगळ्यांना आनंदच व्हायला हवा, असं त्यात आहे. एका मोठ्या लेखकानं पुरातन वास्तूच्या पडण्याचा इतका उघड आनंद मानावा, याचं मला पहिल्यांदा आश्चर्य वाटलं होतं. आता वाटत नाही.

चीनमध्ये साधकांच्या गोष्टींची परंपरा जुनी आहे आणि आज ती हजार-हजार प्रकरणांच्या कादंबऱ्यांतून इंटरनेटवर वाहते. माणूस श्वास साधतो, औषधी गोळ्या गिळतो, आकाशातली वीज अंगावर झेलतो आणि पायरीपायरीनं अमरत्वाकडे सरकतो. ही वाट फक्त माणसाची नाही. कोल्हा, साप, कासव, जुनं झाड, कोणीही शेकडो वर्षं तप केलं तर मनुष्यरूप मिळवू शकतो. त्या तपाचं तेज त्याच्या पोटात मण्यासारखं गोळा होतं, आणि माणसं तो मणी काढून घ्यायला त्याची शिकार करतात, कारण दुसऱ्याचा मणी गिळला की आपली शंभर वर्षं वाचतात. आपल्याकडे नागमण्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्याला यात परकं काही वाटत नाही. आमच्या शेजारची बारावीतली मुलगी या कादंबऱ्या मोबाइलवर वाचते. एकदा तिनं मला विचार करून सांगितलं, "काका, यात राक्षस कमीच मारून राहिले जी. साधकच एकमेकाले मारून राहिले." तिनं वाचलेल्या एका कादंबरीत राक्षस ठरवलेली जमात डोंगरापलीकडे मुकाट राहत होती आणि तिच्या मुलुखात मण्यांची खाण होती. एवढाच तिचा गुन्हा होता.

नागपुरात बसून अशा गोष्टी वाचणं वेगळं आहे. शहराच्या नावात नाग, मधून वाहते तिचं नाव नाग नदी. माझी आजी नागद्वारला जायची. सातपुड्यात पचमढीजवळ ती यात्रा भरते. नागपंचमीच्या आधीचे थोडेच दिवस व्याघ्र प्रकल्पातला तो भाग उघडतात, आणि विदर्भातली माणसं भर पावसात, निसरड्या कड्यांवरून, गुहेतल्या पद्मशेषापर्यंत चालत जातात. वाटेत काजरी नावाचं ठिकाण लागतं. त्याची गोष्ट यात्रेकरू सांगतात. काजरी नावाच्या बाईला मूल नव्हतं. मूल झालं तर नागदेवाच्या डोळ्यांत काजळ घालीन असा नवस तिनं केला. मूल झालं. ती काजळ घेऊन गेली, समोर नागाचं खरं रूप प्रकटलं, आणि ते बघून ती जागीच गेली. आजी ही गोष्ट सांगताना नागाला दोष देत नसे आणि काजरीलाही नाही. शू श्वान धसक्यानं मेला तेही असंच, खरं रूप बघून. फरक एवढाच की काजरीच्या गोष्टीत नंतर कोणी नागाला पुरायला जात नाही. लोक त्याच्या दर्शनाला जातात, आणि चढताना तिचंही नाव घेतात.

नागपंचमीच्या कहाणीतही मला हीच नीती दिसते. शेतकरी नांगरतो, नांगराचा फाळ वारुळात शिरतो, नागिणीची पिल्लं मरतात. नागीण येऊन घर ओस करते. सासरी दिलेली लेक राहते. तिलाही संपवायला ती निघते, तर लेक पाटावर नाग रेखून दूध ठेवून पूजा करत बसलेली असते. नागीण विरघळते, अमृत देते, आणि सगळे उठून बसतात. या कहाणीत पहिला घाव माणसाचा आहे आणि कहाणी ते लपवत नाही. नागिणीच्या सुडाला ती राक्षसीपणा म्हणत नाही. ती त्याचं कारण सांगते. म्हणून त्या दिवशी नांगर चालवायचा नाही, काही खणायचं-कापायचं नाही, तवा चढवायचा नाही. माणसानं वर्षातला एक दिवस आपल्या हातातलं हत्यार खाली ठेवावं, हे शिकवायला निरक्षर बायकांनी ही कहाणी रचली आणि जपली. कुठल्याही मोठ्या ग्रंथाच्या शेजारी मी ती ठेवीन.

मोठ्या ग्रंथांत नागांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी आपण ते पुरतं वाचत नाही. खांडववनाचा प्रसंग घ्या. अग्नीची भूक भागवायला कृष्ण आणि अर्जुन अख्खं अरण्य पेटवतात. नुसतं पेटवत नाहीत. पळून बाहेर येणारा प्रत्येक जीव दोन्ही बाजूंनी मारून पुन्हा आगीत लोटतात. नागराज तक्षक त्या दिवशी वनात नव्हता. त्याची बायको आणि मुलगा अश्वसेन आत होते. आई मुलाला गिळून, त्याला पोटात घेऊन झेप घेते. अर्जुन तिचं मस्तक उडवतो. मुलगा निसटतो. वाचतात ते हा अश्वसेन, मयासुर आणि चार शार्ङ्गक पक्षी, एवढेच. मग मय वाचल्याच्या बदल्यात पांडवांना सभा बांधून देतो. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये या दहनाकडे डोळे उघडे ठेवून पाहिलं. त्याला देवाचं कार्य म्हणून सोडून दिलं नाही, माणसांनी माणसांच्या वस्तीचा केलेला नाश म्हणून ते वाचलं. अरुण कोलटकरांनी 'सर्पसत्र' या इंग्रजी काव्यात जनमेजयाच्या यज्ञाची गोष्ट जरत्कारूला, म्हणजे आस्तिकाच्या नाग आईला, सांगायला लावली. 2004 मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षी, ते आलं. ज्या यज्ञात सापांच्या राशी जळत होत्या त्याच यज्ञाच्या मांडवात वैशंपायन राजाला महाभारत सांगत होता. आपल्या सर्वात थोर कथेचं हे पहिलं जाहीर वाचन होतं. मला हे विसरता येत नाही.

साधक आणि क्रौर्य यांची जी गोष्ट खुद्द विदर्भाशी जोडली गेली, ती चिन्यांनीच लिहून ठेवली आहे. ह्युएन त्संगानं सातव्या शतकात भारत पायाखाली घातला, आणि 646 मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या वृत्तांतात कोसल देशाच्या वर्णनात बौद्ध आचार्य नागार्जुन येतो. नागार्जुन रसायन जाणतो. त्याच्या औषधानं तो स्वतः आणि त्याचा आश्रयदाता सातवाहन राजा शेकडो वर्षं जगतात. राजपुत्र म्हातारा होत चालला, गादी मिळायची चिन्हं नाहीत. राणी, म्हणजे त्याची आईच, त्याला उपाय सांगते: नागार्जुन मेला की राजा मरेल, आणि बोधिसत्त्व मागितलेलं नाकारत नाही, तेव्हा त्याचं डोकं माग. राजपुत्र जातो, मागतो. नागार्जुन म्हणतो, मी गेलो तर तुझा बापही जाईल. तरी राजपुत्र हटत नाही. मग नागार्जुन वाळलेल्या गवताचं पातं घेऊन स्वतःच मान उतरवून देतो. राजाही मग मरतो.

या गोष्टीत राक्षस एकही नाही. नागार्जुनाच्या विद्येनं कोणाचं वाईट केलेलं नाही. आईनं मुलाच्या कानात सांगितलेला एक विचार, एवढं पुरतं. चिनी परंपरेतल्या नागार्जुनाच्या चरित्रात तो समुद्रातल्या नागांच्या महालात जाऊन त्यांनी जपलेली शास्त्रं घेऊन येतो. माणसांनी जे सांभाळलं नाही ते नागांनी सांभाळलं, असा त्याचा सरळ अर्थ. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी हा कोसल विदर्भात असल्याचं मानलं. पुढच्या बऱ्याच अभ्यासकांनी तो छत्तीसगडात नेला. पण रामटेकच्या परिसरात नागार्जुनाचं नाव रुजलेलं आहे, आणि भदंत सुरई ससाई यांनी त्याच श्रद्धेनं मनसरला उत्खननाची चळवळ उभी केली. तिथल्या भव्य विटकामात वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची नगरी आणि त्याचं शिवमंदिर पाहणारे विद्वानही आहेत. तो वाद तज्ज्ञांचा. मला तिथं गेल्यावर नावाशीच अडखळायला झालं. ज्या टेकडीखालून हे सगळं निघालं तिला गावातले लोक हिडिंबा टेकडी म्हणतात. हिडिंबा म्हणजे राक्षसीण. तिनं भीमाला सावध केलं, त्याच्याशी संसार मांडला, मागं राहिली, आणि तिचा मुलगा घटोत्कच कौरवांशी लढताना पडला तेव्हा पांडवांच्या छावणीत कृष्णाला आनंद झाला, कारण कर्णाची अमोघ शक्ती अर्जुनाऐवजी त्याच्यावर खर्च झाली होती. आमच्या लोकांनी मात्र इतक्या मोठ्या टेकडीला नाव दिलं ते तिचं. भीमाचं दिलं नाही.

नागाला माणूस व्हायची ओढ किती असते याची सर्वात हृदयद्रावक गोष्ट विनयपिटकाच्या महावग्गात आहे. एका नागाला आपल्या नागजन्माचा वीट येतो. तो तरुणाचं रूप घेऊन संघात येतो आणि भिक्षू होतो. एका पहाटे झोपेत त्याचं भान सुटतं आणि सगळी खोली त्याच्या वेटोळ्यांनी भरते. सोबतचा भिक्षू ओरडतो. बुद्धांपुढे गोष्ट जाते. बुद्ध त्याला सांगतात, या जन्मात तुला हा मार्ग मिळायचा नाही. जा, उपोसथ पाळ, लवकर मनुष्यजन्म मिळेल. नाग रडत निघून जातो. तेव्हापासून उपसंपदेच्या, म्हणजे भिक्षूदीक्षेच्या, वेळी उमेदवाराला विचारतात, तू माणूस आहेस ना? मुचलिंद नागानं ज्यांच्यावर पावसात फणा धरली त्या बुद्धांच्याच संघात हे घडलं. बुद्ध त्याला पात्राखाली कोंडत नाहीत, पुढची वाट दाखवतात, हे खरं. पण दार बंद झालं हेही खरं, आणि हा नियम मला आजही बोचतो.

तू माणूस आहेस ना, हा प्रश्न या देशात कोट्यवधी लोकांना पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीशी, शाळेच्या दारात विचारला गेला, आणि खरं उत्तर दिलं तरी ते ऐकून घेतलं गेलं नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महास्थविर चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग लाखोंच्या समुदायाला स्वतः दीक्षा दिली. गृहस्थांच्या दीक्षेत तो प्रश्न नसतो. दुसऱ्या दिवशी, 15 तारखेला, त्यांनी मराठीत भाषण केलं आणि हेच शहर का निवडलं ते सांगितलं. इथं नागलोकांची वस्ती होती, त्या नागांनी बुद्धाचा धम्म पसरवला, आर्यांनी त्यांचा छळ केला, जाळून मारण्याचे प्रयत्न केले, अगस्ती मुनीनं त्यातून फक्त एक नाग वाचवला, आणि आपण त्याचे वंशज आहोत, असा त्या सांगण्याचा आशय. इतिहासकार नागलोकांबद्दल पुरावे मागतील, मागोत. मला त्या क्षणाचं मोल वेगळ्या ठिकाणी दिसतं. कित्येक शतकं ज्या गोष्टीत नाग जळतात आणि ऐकणारे धनुर्धराचं कौतुक करतात, ती गोष्ट एका माणसानं मैदानावर उभं राहून आगीच्या आतल्या बाजूनं सांगितली. मी त्या अरण्यातला आहे, असं म्हटलं. साधनेनं माणूस व्हायची परवानगी मागितली नाही.

त्या मैदानावर पुढं स्तूप उभा राहिला. चिनी पॅगोडा हा आपल्या स्तूपाचाच दूर देशी वाढलेला वंशज. दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे, त्याच्या घुमटाखाली हजारो माणसं उभी राहू शकतात. विटांखाली कोणाला दाबण्याऐवजी विटांच्या आत माणसं घेणारा स्तूप नागांच्या वंशजांनी बांधला, याचा मला अभिमान वाटतो.

पण विदर्भात आजही पात्र पालथं घालणारे हात आहेत. ऑगस्ट 2021 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात भानामती करतात या संशयावरून सात जणांना भर चौकात बांधून मारहाण झाली. ती दलित कुटुंबातली माणसं होती आणि त्यांत म्हातारे होते, बाया होत्या. मारणारे परके नव्हते, गावचेच होते. नरबळी आणि जादूटोणा रोखणारा कायदा महाराष्ट्रात 2013 पासून आहे. त्यासाठी आयुष्य खर्ची घातलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात खून झाला आणि त्यानंतर वटहुकूम निघाला. म्हाताऱ्या बाईच्या अंगी करणीचं बळ आहे असं गावानं ठरवायचं, मग त्या बळाची शिक्षा तिला द्यायची, आणि गावातल्या प्रत्येक तापाचं, प्रत्येक मेलेल्या बैलाचं ओझं तिच्या डोक्यावर ठेवायचं. ज्यांना बांधलं त्यांच्याकडे कुठलं बळ असतं तर ते तासन् तास त्या दोरखंडांत राहिले नसते. बघणाऱ्यांपैकी एकालाही हा साधा विचार कसा सुचला नाही?

धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीबाहेर पुस्तकांची दुकानं लागतात, तिथून मी बाबासाहेबांच्या त्या भाषणाची पुस्तिका शेजारच्या मुलीला आणून दिली. तिनं ती एका बैठकीत वाचली आणि अगस्तीपाशी अडली. "काका, त्यानं एकच नाग काहून वाचवला जी? मुनी होता, साधना होती. त्याले बाकीचे वाचवता नव्हते येत, का वाचवायचेच नव्हते?" मी म्हणालो, आपल्या पुराणात तो समुद्र पिऊन टाकणारा माणूस आहे, तेव्हा येत नव्हतं असं म्हणवत नाही. "मग त्यानं आगच काहून नाही विझवली?" ती म्हणाली. तिच्या कादंबऱ्यांत असा साधक पुढच्या प्रकरणात जाब द्यायला उभा केला जातो. अगस्तीला तो अजून कोणी विचारलेला मी वाचलेला नाही, आणि ती आता ती गोष्ट लिहायला बसली आहे, त्या वाचलेल्या एका नागाच्या तोंडून.